दहाच्या नोटेचा कान

गड्ड्याची यात्रा संपून चार-सहा दिवस झाले होते. या दिवसांत आमच्याकडे दहा-वीसच्या नोटांचा पूर येतो. पाळणेवाले, भेळवाले, खेळणीवाले, सगळ्यांचा गल्ला सुट्ट्या नोटांचा, आणि त्या नोटा मग महिनाभर सोलापूरच्या बाजारात फिरत राहतात. मी पिग्मी एजंट आहे, पतसंस्थेसाठी लोकांची रोजची छोटी बचत गोळा करतो. बाळीवेस, मंगळवार पेठ, साखर पेठ, कन्ना चौक अशी माझी लाईन. या कामाला १९ वर्षं झाली. रात्री जेवण झालं की खाटेवर जुनी चादर अंथरायची, दिवसभराचं कलेक्शन ओतायचं आणि नोटा लावायच्या. सकाळी साडेदहाला पतसंस्थेत भरणा करायचा असतो.

माझ्या लाईनमध्ये कडक भाकरी विकणाऱ्या एक मावशी आहेत. रोज शंभर रुपये भरतात, तेही दहाच्या दहा नोटा रबर लावून. त्यांच्या नोटा डोळे मिटूनही ओळखेन, कारण ज्वारीच्या पिठाचा हात लागलेला असतो. त्या रात्री त्यांचं रबर काढलं आणि मोजता मोजता सातव्या नोटेला अंगठा अडला. कोपरा आत दुमडलेला होता. दुमडलेला कोपरा सरळ करणं ही हाताची सवय झालेली आहे, त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही. नखाने कोपरा उलगडला आणि हात थांबला. कोपरा सरळ झाला, पण तिथे संपला नाही. नोटेच्या कडेच्या पुढे पांढऱ्या कागदाचा एक त्रिकोण बाहेर आला होता, वासराचा कान असतो तसा.

दहाची नवी चॉकलेटी नोट, मागे कोणार्कचं सूर्यमंदिर असलेली. ती १२३ मिलिमीटर लांब आणि ६३ मिलिमीटर रुंद असते. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. तीन कोपरे बरोबर मापात. चौथ्या कोपऱ्यात जवळजवळ ८ मिलिमीटर कागद जादा.

बायको म्हणाली, "कुणीतरी कागद चिकटवला असेल." मलाही आधी तेच वाटलं. त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी मी एक नोट विकत घेतली होती. शंभराची जांभळी नोट, डावीकडच्या वरच्या नंबरची जागा कोरी आणि उजवीकडचा खालचा नंबर शाबूत. विकणाऱ्याने सांगितलं की छापताना नंबर राहून गेलाय, हिचे दहा हजार येतील, मला अडचण आहे म्हणून बाराशेला देतो. मी दिले. महिन्याच्या कमिशनमधले बाराशे माझ्यासाठी थोडे नव्हते. ती नोट नंतर कुणीही घेतली नाही. का घेतली नाही, हे मला कुणी नीट सांगितलंही नाही. जो तो हातात घ्यायचा, मान हलवायचा, परत द्यायचा. म्हणून या वेळी मी ठरवलं की कुणाला विचारायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, आणि कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडून शिकलं पाहिजे.

सकाळी भरणा करताना मावशींच्या शंभरात माझ्या खिशातली दहाची नोट घातली आणि कानवाली नोट पाकिटात बाजूला ठेवली. हिशेब तुटता कामा नये. पाकिटावर मावशींचा खाते नंबर आणि तारीख लिहिली.

दत्त चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात एक काका राहतात. बँकेत कॅशियर होते, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झाली. नोटा आणि नाणी जमवण्याचा त्यांना नाद. त्यांच्याकडे निजामाच्या राज्यातला हाली रुपयाही आहे. आपलं सोलापूर सरहद्दीचं गाव, तुळजापूरकडून येणाऱ्या माणसाच्या कनवटीला तेव्हा हाली असायचा. मी संध्याकाळी कलेक्शन उरकून त्यांच्याकडे गेलो. आधी बाराशेची नोट पुढे ठेवली, दहाची पाकिटातच ठेवली.

काका म्हणाले, "किंमत मागाहून बघू. आधी एवढंच ठरवायचं, नोटेला जे झालंय ते छापखान्यात झालंय का छापखान्याबाहेर."

त्यांनी टेबललॅम्प आडवा केला, नोट उजेडाच्या समोर न धरता उजेडाच्या रेषेत आडवी धरली आणि मला भिंग दिलं. असा तिरपा उजेड पडला की कागदावरचे उंचवटे दिसतात. गांधीजींच्या चित्रावर शाईचा उठाव दिसला, तो असायलाच हवा, शंभराच्या नोटेवर तो हाताला लागतो. पण नंबरच्या कोऱ्या जागेत कागदाची लव उठलेली होती, घासलेल्या कापडासारखी. बाकी नोट गुळगुळीत आणि तेवढीच जागा बोंदरलेली.

"आता हे बघ." त्यांनी शाबूत नंबरच्या मागची नक्षी दाखवली. नंबर छापायच्या आधी त्या जागी फिकट रंगाची बारीक नक्षी छापलेली असते. नंबर खरोखर राहून गेला असता तर नक्षी पूर्ण असती, उलट अधिक स्वच्छ दिसली असती. माझ्या नोटेवर नंबर गेला होता आणि त्याच्यासोबत नक्षीही अर्धी गेली होती. मग त्यांनी दिवा बंद करून निळ्या उजेडाची म्हणजे यूव्ही (अतिनील) छोटी बॅटरी लावली, सराफांकडे आणि कॅश काउंटरवर असते ती. नोटेवरचा नंबर अशा उजेडात चमकतो. शाबूत नंबर चमकला, आणि कोऱ्या जागेतही दोन आकड्यांची पुसट सावली चमकली. कुणीतरी रबराने किंवा कसल्याशा द्रावणाने नंबर खोडला होता, पण कागदात मुरलेला अंश राहिला होता.

बाराशे रुपये गेले ते गेलेच. पण ते का गेले हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ती नोट शंभराची म्हणून चालवणंही मला पटलं नाही. ती काकांकडेच ठेवली आहे, कुणी शिकायला आलं तर दाखवायला.

मग मी पाकीट उघडलं.

काकांनी नोट कडेने धरली, कान उलगडला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इस्त्री केली नाहीस ना?"

नव्हती केली. रात्री मुलीने इस्त्री काढली होती, घडी जाईल म्हणून, पण लाईट गेले आणि राहून गेलं. काका म्हणाले की घडीच काढून टाकली असती तर पुरावाच गेला असता. ही चूक कशी होते ते त्यांनी वहीचं पान दुमडून दाखवलं. नोटा एकेक छापत नाहीत, मोठ्या तावावर अनेक नोटा एकत्र छापतात, आणि शेवटी ताव कापून नोटा सुट्या करतात. कापायच्या आधी तावाचा कोपरा आत दुमडला गेला असेल तर सुरी त्या घडीवरून जाते. दुमडलेला भाग आत राहतो, कापला जात नाही. पुढे कुणीतरी तो उलगडतो आणि तावाची कोरी किनार बाहेर येते.

त्यांनी पान दुमडून कात्रीने चौकोन कापला आणि उलगडला. हुबेहूब तसाच कान. मग भिंगाखाली आमची नोट. कापलेली वरची कड सरळ येते, घडीच्या रेषेला टेकते आणि तिथेच थांबते. जादा कागद बरोबर त्या बिंदूपासून सुरू होतो. बाजूच्या कडेचंही तेच. घडी परत घातली की कान पूर्ण आत जातो, केसभरही बाहेर राहत नाही. "हे कुणाला हाताने करता यायचं नाही," काका म्हणाले. "कागद कापून कमी करता येतो. आहे त्याच्यापेक्षा जास्त कुठून आणणार?"

चिकटवलाय का, ही शंका तरीही तपासलीच. नोट दिव्यासमोर धरली. जोड असता तर तिथे कागद दुहेरी होऊन काळी रेघ दिसली असती. घडीची रेघ होती, पण तिच्यातून कागदाचे तंतू सलग इकडून तिकडे गेलेले. मग निळी बॅटरी. आपला वहीचा, झेरॉक्सचा कागद या उजेडात पांढरा-निळा झळकतो, कारण तो पांढरा दिसावा म्हणून त्यात रसायन असतं. नोटेचा कागद कापसाच्या लगद्याचा, तो झळकत नाही, मंद राहतो. काकांनी नोटेखाली वहीचं पान ठेवलं. पान लख्ख झळकलं आणि नोट अंधारी राहिली. कानही तितकाच अंधारी. त्या कोऱ्या त्रिकोणाच्या एका कडेला केसाएवढी चॉकलेटी रेघ होती, ती तावाच्या किनारीवरची छपाईची खूण असावी असं काका म्हणाले.

नोट मुळात खरी आहे का, तेही पाहिलं. पाण्यातले गांधीजी, त्यांच्या शेजारी पाण्यातलाच १० चा आकडा, धाग्यावरचं 'भारत', दोन्हीकडचे नंबर सारखे. मागच्या बाजूच्या पंधरा भाषांच्या पट्टीत काकांनी मला भिंगातून चार ओळी वाचायला लावल्या, कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू. आपल्या गावात एका गल्लीत ऐकू येणाऱ्या चारही भाषा त्या बोटभर पट्टीत आहेत, आणि मी इतकी वर्षं नोटा मोजतोय पण ही पट्टी कधी वाचली नव्हती. नकली नोटांवर ही बारीक अक्षरं बहुतेकदा पिचकतात. इथे प्रत्येक वेलांटी सुटी होती.

एक प्रश्न उरला. घडी पडली तेव्हा छपाई झालेली होती का? घडीखाली दडणाऱ्या भागातली नक्षी पूर्ण होती, म्हणजे सगळं छापून झाल्यावर, कापायच्या आधी कोपरा दुमडला. काका म्हणाले, छपाईच्या आधी दुमडला असता तर तिथे कोरी जागा राहिली असती आणि नक्षी पाठीमागे गेली असती. नंबर पडायच्या आधी नंबरच्या कोपऱ्यात घडी पडली असती, तर निम्मे आकडे मागच्या बाजूला उमटले असते. त्या नोटेसाठी लोक भांडतात. आपली त्याखालची.

चहा घेताना मी विचारलं, अशा नोटा बाहेर येतात तरी कशा? नाशिकची करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे, शिवाय देवास, म्हैसूर आणि सालबोनी. सगळीकडे कडक तपासणी. चुकलेली नोट तिथेच काढून टाकतात आणि तिच्या जागी बदली नोट घालतात. नंबरमध्ये चांदणी असते ती हीच बदली नोट. २००६ पासून दहा, वीस आणि पन्नासमध्ये ती सुरू झाली. मला हे ऐकून फार समाधान वाटलं, कारण माझ्या लाईनमध्ये चांदणीच्या नोटा घ्यायला लोक नकार देतात. २०२३ मध्ये मोबाईलवर अफवाच फिरली होती की त्या नकली आहेत, तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. चांदणीची नोट खरी, आणि चालू वापरातली असेल तर तिची किंमत छापली आहे तेवढीच धरा.

काकांकडे मी येऊन-जाऊन आहे हे बाजारात कळलं आणि माझ्याकडे नोटा येऊ लागल्या. चाटी गल्लीतल्या एका दुकानातल्या पोराने पाचशेची नोट आणली. नंबरचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, म्हणाला छपाई चुकलीये. २०१५ पासून नोटांवर मुद्दाम तसं छापतात, खिशातली दुसरी नोट काढून दाखवली, तीही तशीच. एका काकूंनी एक रुपयाची नोट आणली, तिच्यावर 'मैं धारक को' हे वचनच नाही आणि सही गव्हर्नरची नाही. ती असणारच नाही. एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवाची सही. १९९४ ला छपाई थांबली होती, २०१५ ला परत सुरू झाली. ७८६ वाल्या नोटा तर किती आल्या त्याचा हिशेब नाही. शेवटी कुठेतरी ७८६ आलं की लोक जपून ठेवतात. श्रद्धेने ठेवत असाल तर जरूर ठेवा, पण पैशाच्या आशेने ठेवत असाल तर सहाही आकडे ७८६७८६ आणि नोट कोरी करकरीत असेल तेव्हाच कुणी थांबून बघतं. एकाने कापडाच्या कात्रीने कड कापलेली वीसची आणली, "छपाई सरकलीये" म्हणून. पट्टी लावली, ४ मिलिमीटर कमी. छापखान्यात सरकलेली असती तर माप पूर्ण भरलं असतं आणि कडेला शेजारच्या नोटेचा तुकडा दिसला असता.

हे सगळं चालू असताना एक चूक माझ्याकडून झाली. माझ्या भाच्याने उत्साहाने कानवाल्या नोटेचा फोटो जाहिरातीच्या एका साईटवर टाकला, खाली माझा नंबर. दोन तासांत फोन. समोरचा शुद्ध हिंदीत बोलत होता, नोटेचे साडेचार लाख देतो म्हणाला, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, शिक्का असलेलं पत्र मोबाईलवर पाठवलं. आधी २,१५० रुपये नोंदणी भरा, मग टीडीएस, मग माणूस घरी येईल. बायको क्षणभर हरखली, मीही. मुलीचं कॉलेज तोंडावर आहे. पण मी पतसंस्थेचा माणूस, पैसे घ्यायच्या आधी पैसे द्यायला सांगणारा व्यवहार मला ओळखता येतो. काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढलं होतं, आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. हे वाचणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं जरूर सांगावं. माझ्याच लाईनमधल्या एका विडी कामगार बाईचे चार हजार असेच गेले आहेत, आणि तिच्याकडे होती ती पाच रुपयांची ट्रॅक्टरची साधी नोट.

आता किंमत. काकांनी नोट परत तपासली ती या वेळी तब्येत पाहायला. मधोमध एक उभी घडी, कागद मऊ पडलेला, एका ठिकाणी पिठाचा डाग. डाग पुसू नकोस म्हणाले, धुतलेली नोट हाताला लगेच कळते आणि किंमत निम्मी होते. न वापरलेल्या नोटेला जमवणारे यूएनसी म्हणतात, तशी असती तर गोष्ट वेगळी होती. शिवाय दहाच्या नोटा निघतात भरपूर, आणि कान लहान. "पाचशेपासून हजारपर्यंत. त्याच्या वर कुणी बोललं तर संशय घे." त्यांनी ती कडक प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातली, पीव्हीसी नसलेल्या, कारण पीव्हीसी कालांतराने चिकटतं.

फेब्रुवारीत मला लग्नाच्या खरेदीसाठी पुण्याला जायचंच होतं. हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. जाण्याआधी मावशींना सगळं सांगणं भाग होतं. खरं तर ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मला आधी खात्री करून घ्यायची होती, उगाच आशा लावायची नव्हती. मावशी पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "तुमच्या हातात घावली, तुमचीच की ओ ती. मला दहा दिल्यासा तेवढं बास."

मी म्हणालो, "मावशी, ती तुमच्या खात्यातून निघाली. तुम्ही विका म्हणालात तर विकतो, ठेवा म्हणालात तर ठेवतो."

त्यांनी नोट हातात मागितली. पाकिटातून न काढता उलटसुलट बघितली. "एवढं रोज मोजतो, कुठं दिसतंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, विका.

पुण्यात पहिल्या दुकानदाराने एका नजरेत पाचशे सांगितले आणि मान खाली घातली. दुसऱ्याने भिंग काढलं, घडी घातली, उलगडली, दिव्यासमोर धरली. जे काकांनी मला शिकवलं तेच तो करत होता आणि त्याच क्रमाने. त्याने सातशे म्हटलं. मी घडीच्या रेषेला टेकणारी कड दाखवली आणि किनारीवरची चॉकलेटी रेघ दाखवली. नऊशेला दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगळवार पेठेत मावशींच्या पाटीपाशी उभा राहिलो. नऊशे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले आणि लगेच परत माझ्या हातात दिले, "पिग्मीत टाका." मशीनवर खाते नंबर टाकला, रक्कम ९००, पावती निघाली. मावशींनी ती नातीकडे दिली, तिने मोठ्याने वाचली. मग मावशींनी कमरेची पिशवी सोडली, रबर लावलेल्या दहा नोटा काढल्या आणि पुढे केल्या.

"आन् हे आजचं."